अडुळशाची टोपली

भिणाऱ्या माणसानं ससे पाळू नयेत. दोघांपैकी एकानं तरी धीट असावं लागतं. आमच्याकडे पिंजऱ्याच्या आतले भीत होते आणि बाहेर जो उभा होता तो त्यांच्याहून जास्त भीत होता. शिवाय पळून जायला त्यांना चार पाय होते आणि मला सरकारी नोकरी होती.

मी तेव्हा सुरतेला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. उकाईचं धरण बांधून व्हायचं होतं आणि त्याच्या सिमेंटची बिलं माझ्या टेबलावरून जायची. अठवा लाइन्समध्ये रसिकभाई जरीवाला यांच्या बंगल्यामागे आम्हा नवरा-बायकोला दोन खोल्या आणि बऱ्यापैकी मोठं परसू मिळालं होतं. मिळालं होतं हे लिहायला सोपं आहे. त्याआधी आम्ही निम्मी सुरत पायाखाली घातली होती. 'मराठी? एटले खाता हशो,' एवढं म्हणून घरमालक दार लोटून घेत. काय खाता ते कोणी बोलत नसे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी अंड्याला बोट लावलेलं नाही, पण हे सांगायला दार उघडं असावं लागतं.

रसिकभाईंनी ते उघडं ठेवलं. मात्र त्यांच्या आई, चंचळबा, यांनी माझ्याकडून आधी शब्द घेतला. मांस नाही, अंडं नाही, आणि जमिनीखाली पिकणारं काहीही नाही, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा. मी प्रत्येकाला हो म्हटलं. मला कोणी घर देत असेल तर मी पाणीही सोडतो म्हटलं असतं. माझी बायको अरुणा मागे उभी होती. ती जळगावची. कांदा आणि काळा मसाला नसलेल्या स्वयंपाकाला ती पथ्य म्हणते. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, फक्त खोलीला खिडक्या किती आहेत ते मोजलं.

त्या खिडक्या पुढे संध्याकाळी सातला बंद होऊ लागल्या. मग चार उदबत्त्या लागायच्या आणि मग कांदा फोडणीत पडायचा. बाहेरच्या माणसाला वाटावं, की या घरात केवढी ही भक्ती. सालं कचऱ्यात टाकायची सोय नव्हती, म्हणून अंधार पडता पडता अरुणा ती परसात पुरायची. मी दारात पहारा द्यायचो. पुढे कित्येक वर्षं मला सायंकाळी उदबत्तीचा वास आला की धडकी भरायची आणि भूकही लागायची.

तर अशा सुरक्षित परिस्थितीत आमच्या कचेरीतल्या विजय पोतनीसांनी मला ती योजना सांगितली. पोतनीस दर महिन्याला एक योजना सांगत आणि स्वतः कधीही करून बघत नसत. परसात औषधी झाडं लावायची, पाला वैद्यांना विकायचा. ससे पाळायचे, त्यांची पिल्लं हौशी लोकांना विकायची. सशांच्या लेंड्या झाडांना, झाडांचा उरलासुरला पाला सशांना. मध्ये माणसानं नुसतं उभं राहायचं. उभं राहणं मला जमण्यासारखं होतं.

रसिकभाई खूश झाले. झाडं म्हणजे पुण्य आणि ससे म्हणजे जीवदया, घरबसल्या दोन्ही मिळत होतं. अडुळसा, तुळस, गुळवेल, कोरफड मंजूर झाली. शतावरी बाद झाली, कारण तिची मुळं खणावी लागतात. चंचळबांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"मोटां थईने ससलां क्यां जशे?"

ससे मोठे झाल्यावर कुठं जातील, याचा मी विचारच केला नव्हता. पोतनीसांनीही केला नव्हता. मी घाईघाईनं म्हणालो, कुठंच जाणार नाहीत, इथंच राहतील. म्हातारी माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मी आपण होऊन पिंजरा आणखी एक हात लांब करायचं कबूल केलं.

चंचळबांना खोकला होता. अडुळसा हातभर वाढला तशा त्या रोज सकाळी टोपली घेऊन पानं तोडायला येऊ लागल्या. चातुर्मासात पाला चालत नाही, पण औषध म्हणून चालेल असं त्यांनी आपल्या जैन साधूंना, महाराजसाहेबांना, विचारून घेतलं होतं. पानं तोडून झाली की त्या पिंजऱ्यासमोर बसत. पांढरे ससे एकमेकांसारखेच दिसत, तरी त्या सगळ्यांशी बोलत. जाळीत अडकून एकाचा डावा कान फाटला होता, तो त्यांचा विशेष लाडका. आम्ही त्याला कानकट्या म्हणायचो. रविवारी मी सशांना परसात मोकळं सोडलं की ते सगळे अडुळशाखाली जाऊन माती उकरत बसत. मला वाटायचं, त्यांना औषधी मातीचा वास आवडत असेल.

आता सरकारी नोकरानं जोडधंदा करायचा तर परवानगी लागते. पोतनीस म्हणाले, मागू नका. मालतीबाई म्हणाल्या, मागा. या मालतीबाई शेजारच्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये राहायच्या, मराठी शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि कुंपणावरून सल्ले द्यायच्या. भित्रा माणूस नेहमी परवानगी मागतो. मी अर्ज केला. साहेबांनी विचारलं, ससे ही शेती, पशुपालन की व्यापार? तिन्हींच्या फायली वेगळ्या होत्या. माझा अर्ज तिन्हीकडे हिंडला आणि शेवटी मला लेखी उत्तर आलं, की अंतिम निर्णय होईपर्यंत सशांच्या सद्यःस्थितीत वाढ अगर घट करण्यात येऊ नये.

हे पत्र मी अरुणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला काय दाखवता, त्यांना दाखवा. सशांनी त्याच आठवड्यात वाढ केली. गवतात गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळताना बघून कुणाही माणसाला आनंद झाला असता. मला मात्र घाम फुटला.

वाढीची भीती कशीबशी अंगवळणी पडते आहे तोवर घट सुरू झाली. एका सकाळी कचेरीत जाण्याआधी पाला घालायला गेलो, तर एक मोठा ससा कमी. कडी लागलेली, जाळी शाबूत, रक्ताचा थेंब नाही. मी दोनदा मोजलं, मग अरुणाला मोजायला लावलं. दोघांचा आकडा सारखाच आला तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती सशाबद्दल नव्हती, चंचळबांबद्दल होती. मराठी माणसाच्या दारातून धष्टपुष्ट ससा नाहीसा झाला तर तो कुठं गेला, याचं त्यांच्याकडे एकच उत्तर असणार होतं. आणि ते त्यांनी ससे यायच्या आधीच प्रश्न विचारून माझ्याकडे ठेवायला दिलं होतं.

त्या आठवड्यात रसिकभाई फाटकापाशी भेटले. नेहमी हसणारा माणूस, पण हसले नाहीत. घराविषयी थोडं बोलायचं आहे म्हणाले. मी म्हटलं, बोला. ते म्हणाले, "पर्युषण पछी वात करीशुं." म्हणजे जैनांचे ते उपासाचे दिवस झाल्यावर बोलू, आणि ते यायला दीड महिना होता. फाशीच्या माणसालाही तारीख सांगतात, पण आरोप आधी सांगतात. मी घरी येऊन अरुणाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. ती एवढंच म्हणाली, "मी पुन्हा दारोदार जाऊन आम्ही तसले नाही असं सांगणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही." तिचा आवाज भांडणाचा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

मी ठरवलं, की म्हातारीला ससा कमी दिसता कामा नये. शनिवारी तापीच्या काठी गुजरी भरते. जुनी कुलपं, मोडकी घड्याळं, पोपट, कोंबड्या, सगळं मिळतं. तिथं एकजण ससे घेऊन बसायचा. त्यातल्या त्यात आमच्यासारखा दिसणारा एक घेऊन मी कचेरीच्या पिशवीत घातला, वर धोतर टाकलं आणि सायकलवरून घरी आलो. वाटेत पिशवी हलत होती. ओळखीचा एक हेडक्लार्क भेटला आणि पिशवीकडे बघून म्हणाला, भाजी ताजी दिसते.

पुढच्या आठवड्यात आणखी एक गेला. मी आणखी एक आणला. हे असं चालू राहिलं. मालतीबाईंच्या मते कडी न मोडता चोरी होते म्हणजे चोर घरचाच. कुंपणावरून वाकून त्या हळूच म्हणाल्या, की घरमालक भाडेकरू काढताना असंच काहीतरी सुरू करतात. पोतनीसांच्या मते मुंगूस. मुंगूस कडी लावून जातं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, की सवय झाली की लावतं.

मग एका सकाळी कानकट्या गेला. त्या दिवशी मी जेवलो नाही. इतरांच्या जागी दुसरे चालले असते, पण फाटका कान मी कुठून आणणार? नवा पांढरा ससा आणून त्याचा कान फाडावा, असा विचार माझ्या मनात आला, इतकी माझी पातळी घसरली होती. शनिवारी गुजरीत गेलो. त्या ससेवाल्याच्या टोपलीत, इतर सशांच्या मधोमध, कानकट्या बसला होता. माझ्याकडे ओळख असल्यासारखं बघत होता.

शहाण्या माणसानं तिथं आरडाओरडा केला असता. मी किंमत विचारली. स्वतःचाच चोरीचा माल विकत घेणं हा गुन्हा आहे का, हे विचारायला वकिलाकडे जाण्याचीही माझी छाती नव्हती, कारण मग खात्यापुढे घट कबूल करावी लागली असती. तेवढ्यात ससेवाल्याच्या मागे, टोपी पुढे ओढून बसलेला एक माणूस मला दिसला. तो मगन होता. मगन आमचा दूधवाला, बंगल्यात आधी रतीब घालून मग आमच्याकडे यायचा. त्यानं मला ससा घेताना पाहिलं होतं. हा चंचळबांना सांगणार की मराठी माणूस गुजरीतून ससे नेतो, नेतच राहतो, आणि पिंजरा काही भरत नाही.

त्याचं तोंड बंद ठेवायला मी दुसऱ्या दिवसापासून दूध वाढवलं. मगन माझ्याकडे जरा चमकून बघायचा, पण मुकाट्यानं माप ओतायचा. कधी एखादं जास्तही ओतायचा. अरुणानं खीर केली, बासुंदी केली, शेवटी दह्याच्या इतक्या हंड्या झाल्या की मालतीबाईंनी विचारलं, काही विशेष आहे का. अरुणा रडायलाच लागली.

पण कानकट्या परत आल्याच्या सकाळी जे झालं ते मला आजही दिसतं. चंचळबा टोपली घेऊन आल्या, पिंजऱ्यापाशी गेल्या, त्याला बघितलं आणि मटकन खालीच बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. मला वाटलं, झालं, ओळखलं यांनी. बराच वेळ त्या हात जोडून बसल्या होत्या आणि मग एकही पान न तोडता निघून गेल्या.

कानकट्या आणखी दोनदा गेला आणि दोनदा मी त्याला गुजरीतून परत आणला. शेवटच्या वेळी ससेवाल्यानं किंमत न सांगताच तो माझ्या हातात दिला. चंचळबा आता माझ्याशी बोलत नसत. मी चांगुलपणा करून बघितला. एकदा पावसानं परसात निसरडं झालं होतं, तेव्हा मी धावत जाऊन त्यांची पानांची टोपली स्वतः उचलली आणि त्यांच्या ओट्यापर्यंत पोचवली. पानांच्या मानानं ती चांगलीच जड लागली. मी तसं म्हटलंही. त्या घाईघाईनं म्हणाल्या, की चोमासाची पानं पाणी पितात. माझ्याकडे न बघता त्यांनी टोपली आत ओढली.

मग पर्युषण लागलं. चंचळबांनी उपास धरले, हिरवं पान सोडलं, औषधसुद्धा सोडलं, आणि परसात यायच्या थांबल्या. त्या सगळ्या दिवसांत आमचा एकही ससा गेला नाही. मी अरुणाला म्हटलं, बघ, चोरही पर्युषण पाळतो. एवढा पुरावा नाकासमोर लोंबत असताना मी यापलीकडे गेलो नाही. भीतीनं माणसाची बुद्धी तीक्ष्ण होते म्हणतात, त्यांनी मला पाहिलेलं नाही.

पर्युषण संपलं की घराची ती 'वात' होणार होती. अरुणानं न सांगता ट्रंका खाली काढून पुसून ठेवल्या होत्या.

संवत्सरीचा, म्हणजे त्यांच्या क्षमा मागण्याचा दिवस त्या वर्षी नेमका गणेशचतुर्थीला आला. आमच्या घरात कोनाड्यात गणपती बसला होता, मोदक झाले होते, आणि सोवळ्यामुळे घरात कांद्याची पातसुद्धा नव्हती. वर्षातून त्या एका दिवशी मी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवू शकत होतो. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर रसिकभाई आणि त्यांच्या हाताला धरून चंचळबा. त्यांच्या मागे पायरीखाली मगन आमचं जादा दूध घेऊन उभा होता.

मला वाटलं, आज क्षमा आणि उद्या नोटीस. रसिकभाईंनी हात जोडून म्हणायचं ते म्हटलं. मग चंचळबा पुढे आल्या. उपासांनी त्या वाळून गेल्या होत्या, पण डोळे तेच होते.

"मन, वचन, कायाथी जाणतां-अजाणतां तमारुं दिल दुभव्युं होय तो मिच्छामि दुक्कडम," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून म्हणाल्या, "अजाणतां नहीं, विनायकभाई. में जाणीने कर्युं छे."

काय जाणूनबुजून केलं, ते मग त्यांनी सगळं सांगितलं. श्रावण लागायच्या आधी अडुळशाची पानं तोडताना त्यांना सशांनी उकरून काढलेली कांद्याची सालं दिसली. पुष्कळ सालं. शब्द देऊन कांदा खाणारी माणसं उद्या ससेही खातील, हे त्यांना दिव्यासारखं स्पष्ट झालं. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत. मुलाला सांगितलं की यांना काढ. पर्युषण होईपर्यंत घर रिकामं करायला लावणं बरं नाही, म्हणून तोवर एकेक जीव वाचवायचा त्यांनी ठरवलं. दर खेपेला टोपलीत खाली ससा, वर अडुळसा. टोपली मगनच्या हाती द्यायची, बरोबर चाऱ्याचे पैसे, आणि मगननं ती पांजरापोळात, निराधार जनावरांच्या आश्रयाला, पोचवायची.

मी कोनाड्यातल्या गणपतीकडे बघितलं. मीच ती टोपली उचलून दिली होती. माझाच ससा मी माझ्याच हातांनी ओट्यापर्यंत नेला होता आणि वर म्हटलं होतं, जड आहे. माझे कान इतके गरम झाले की मला वाटलं, मोदकांची वाफ लागते आहे.

"पण बा," मी कसाबसा म्हणालो, "आम्ही कांदा खातो हे खरं. ससा नाही हो. देवाशपथ नाही."

"मने खबर छे," चंचळबा म्हणाल्या. आणि मुलाकडे वळून, पण मला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "पेलुं फाटेला कानवाळुं में त्रण वार पांजरापोळ मोकल्युं. त्रणे वार आ घरे पाछुं आव्युं. खानारना घरे जीव पाछो आवे? रसिक, आ लोकोने घर खाली नथी कराववानुं."

खाणाऱ्याच्या घरी जीव परत येतो का, या लोकांना घर सोडायला लावायचं नाही, असं बजावताना त्यांचे डोळे भरून आले होते. शहराच्या त्या टोकाहून, रस्ते ओलांडत, कुत्री चुकवत, एक मुका जीव पुन्हा पुन्हा आमच्याच पिंजऱ्यात परत येतो, आपल्या हातानं कडी लावून घेतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हा जन्मोजन्मीचा ऋणानुबंध होता. अशा घराबद्दल आपण वाईट चिंतलं, म्हणून त्या माझ्यापुढे, त्यांच्या निम्म्या वयाच्या माणसापुढे, हात जोडून उभ्या होत्या.

मला सगळं खरं सांगावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. समोर गणपती, क्षमेचा दिवस, म्हातारीचे जोडलेले हात. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर पायरीखाली गेली.

मगनच्या हातातली बरणी हलत होती आणि दूध कडेवरून सांडत होतं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझ्याखेरीज इतका घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. टोपली पांजरापोळाऐवजी गुजरीत विकली जायची, हे तिथं आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी बोललो तर त्याचा रतीब जाणार होता, अठवा लाइन्समधले सगळेच रतीब जाणार होते. मी बोललो तर माझं घरही जाणार होतं. मागे ट्रंका पुसून ठेवलेल्या होत्या आणि अरुणा पदर तोंडाला लावून उभी होती.

मी तोंड मिटलं. हात जोडले आणि म्हणालो, "बा, मिच्छामि दुक्कडम." कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. मी ज्याबद्दल म्हणत होतो ते त्यांना कळलं असतं तर त्या पुन्हा मटकन बसल्या असत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रसिकभाईंनी घसा खाकरून सांगितलं, की कांदा जपून खा, आणि सालं लांब नेऊन टाका. मायलेक हळूहळू अंधारात निघून गेली.

मगन मात्र गेला नाही. तो पायरी चढून वर आला, बरणी खाली ठेवली आणि माझ्यासमोर हात जोडले.

"साहेब, मिच्छामि दुक्कडम," तो म्हणाला. तो जैन नव्हता. पण मी आजवर ऐकलेल्यांत इतक्या कळकळीनं ते कुणी म्हटलेलं नाही.

मीही त्याला म्हटलं. मग आम्ही दोघं थोडा वेळ तसेच हात जोडून उभे राहिलो, कारण आधी हात कुणी खाली घ्यायचे हे ठरत नव्हतं. अरुणानं त्याला मोदक दिला.

खात्याचा निर्णय मी सुरत सोडेपर्यंत आला नाही. चंचळबा सकाळी येत राहिल्या, टोपलीत आता नुसती पानं नेत, आणि कानकट्याला हात जोडूनच परत जात. मगनच्या दुधात पुन्हा कधी पाणी पडलं नाही. मी मात्र दर शनिवारी गुजरीत एक चक्कर मारून यायचो. घेण्यासारखं काही नसायचं, पण कानकट्या तिथं दिसत नाही एवढं बघितलं, की मला घरी येऊन खिडक्या लावायचा धीर व्हायचा.